अण्णांच्या डॅकचा हिरवा दिवा

रवि. ७ जाने. १९९६
डबा आज जोडला. अण्णांनी सिंगापूरच्या जावयाकडून मागवलेला डॅक. तो घरी पोचला तेव्हा अण्णांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते. त्यानंतर दीड महिना खोक्यातच पडून. आज मूर्ती आले, अण्णांचे गाणं ऐकायचे सोबती. त्यांनीच उघडला.
जाड पुस्तकाएवढा. काळा. पुढे एक हिरवा दिवा. सीडीवर आवाज आकड्यांत असतो, त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा एवढंच याचं काम. ते प्लेअर स्वतःही करतो. हा जास्त चांगलं करतो म्हणे.
जुन्या वायरी काढल्या नाहीत. ॲम्प्लिफायरचं बटण सरळ ठेवलं की नुसता प्लेअर, उजवीकडे शेवटपर्यंत नेलं की डबा. मूर्तींनी पाच-सहा वेळा फिरवलं. "हे ऐका. आता हे." मला काही कळलं नाही. मान हलवली.
मूर्ती हसले. "राव, तुमच्या अण्णाला मी म्हणायचो, डबा राहू दे, आधी धाकट्याला कान आणून दे."
बटण उजवीकडे ठेवून गेले. आता हात लावू नका म्हणाले.

बुध. १० जाने.
वहिनींनी जेवताना विषय काढला. मूर्तींनी विचारलंय, सगळा सेट मी घेऊन जाऊ का.
"भावजी, तुम्हाला ऐकू येतो का हो त्या डब्यातला फरक? येत असेल तर राहू दे सगळं इथंच. नसेल तर मूर्तींना देऊ. त्यांना तरी कळतं. ह्यांनी कळणाऱ्यासाठीच आणला असणार."
ऐकून सांगतो म्हणालो.
अण्णांनी नवीन वायर लावली, स्पीकर वीतभर सरकवला, की खुर्चीतून मागे वळून विचारायचे, "कळला फरक?" मी पेपरमागून "हो" म्हणायचो. वीस वर्षं.
बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे मी. न मोजता एकाही भागावर सही केलेली नाही. घरात मात्र

शुक्र. १२ जाने.
कंपनीची बस वेळेवर. साडेसहाला ऐकायला बसलो. माझ्याच खुर्चीत, मागे. अण्णांची पुढची रिकामी. मारवा लावला, त्यांचा नेहमीचा. दोन मिनिटांत उठलो, फाटकापर्यंत जाऊन आलो. पुन्हा लावला. पुन्हा उठलो.
वहिनी आतून: "बसा की स्वल्प! फेऱ्या घालून काय ऐकणार?"
काही कळलं नाही. सेट गेला तर हॉलमध्ये टीपॉय आणि दोन खुर्च्या राहतील.

सोम. १५ जाने.
संक्रांत. यंदा आपल्याकडे सण नाही. शेजारच्या अक्का तरीही वाटीभर एळ्ळु-बेल्ल, इकडचा तीळगूळ, ठेवून गेल्या. कारखान्याला सुट्टी. शनिवारी वहिनींनी हॉल पुसून काढला, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच. खिडक्या उघड्या. बरं वाटलं.
सकाळीच बसलो. हिरवा दिवा लागलाय हे पाहून घेतलं. पेपर मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवला.
स्वर लावण्याआधी गाणारा श्वास घेतो. तो ऐकू आला. मागे नेऊन पुन्हा ऐकला. आहे.

गुरु. १८ जाने.
रोज बसतोय. सकाळी बसच्या आधी पंधरा मिनिटं, संध्याकाळी तासभर. तंबोऱ्याची एक तार किंचित उतरलेली आहे. चौथ्या मिनिटाला मागे कुणीतरी दबक्या आवाजात "वा" म्हणतं. तबला एकदा हातोडीने ठोकून मिळवला जातो, अगदी हळू. सगळं मिनिटांसकट कागदावर उतरवलं, कारखान्यातल्या तक्त्यासारखं. सात नोंदी. खाली सही केली.
वहिनींना कागद दाखवला. "ऐकू येतो."
"खरंच?"
"खरंच."
चष्मा लावून त्यांनी सगळा वाचला. लगेच मूर्तींना फोन. नको, भावजींना कळतं, इथंच राहू दे. मग मूर्तींनी मला फोनवर बोलावलं. "सरी, बरं झालं, राव! शेवटी आले म्हणायचे कान?"


मंगळ. २३ जाने.
वहिनींनी त्यांच्या मुलीला पत्रात लिहिलंय, काकाला आता बाबांसारखं ऐकू येतं. मला वाचून दाखवलं. मलाही ते खरंच वाटत होतं.

शनि. २७ जाने.
सकाळपासून विजेचा दाब वरखाली. दिवे मोठे होत होते, बारीक होत होते. डब्याला काही होऊ नये म्हणून गाणं चालू असतानाच त्याचा प्लग ओढला. हिरवा दिवा गेला.
गाणं चालूच.
प्लग हातात धरून उभा होतो. मग बटण पाहिलं. सरळ.
वहिनींना विचारलं, याला कुणी हात लावला?
"मीच की. पुसलं की सरळ करून ठेवते, बारा वाजल्यासारखं. वाकडं राहिलं की हे ओरडायचे ना, माझं बटण हलवलंस म्हणून. त्या दिवशी पार उजवीकडे गेलेलं दिसलं. म्हटलं, मूर्तींनी घाईत तसंच टाकलं. नीट केलं. का हो?"
काही नाही म्हणालो.

रवि. २८ जाने.
जे. पी. नगरच्या तीन फेजांतून चालून आलो. दोनदा.
डबा खरोखर चालू होता तेव्हा, ७ला आणि १२ला, मला काही ऐकू आलं नाही. सातही नोंदी जुन्या प्लेअरच्या. म्हणजे तो श्वास आधीपासून तिथंच होता. अण्णा रोज लावायचे. मी रोज त्याच खोलीत
दिवा पाहिला, जोडणी पाहिली नाही. कारखान्यात हे केलं असतं तर सगळा माल परत आला असता.
बटण उजवीकडे नेऊन आता ऐकता येईल. दोनदा हात नेला. नाहीच कळला फरक तर?

मंगळ. ३० जाने.
वहिनींना सांगितलं. तो कागद डब्याचा नाही. माझी सही चुकीची. मूर्तींना नाही म्हणालात ते माझ्या शब्दावर, म्हणून सांगतोय.
त्या म्हणाल्या, "म्हणजे मी घालवलं."
"तुम्ही नाही. मी तपासलं नाही."
"आख्ख्या कारखान्याचं तपासता आणि घरातलं एक बटण?" आणि हसल्या. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. हसता हसता पदर डोळ्यांना लावला.
मग म्हणाल्या, "रविवारी मूर्तींना बोलावते. तोवर त्याला हात लावायचा नाही. तुम्हीही नाही, मीही नाही."
हॉलमध्ये धूळ साचते आहे.

रवि. ४ फेब्रु.
मूर्ती चारला येणार. पावणेचारला वहिनी पुसायचं फडकं घेऊन आल्या. "भावजी, तिकडे तोंड करा. भिंतीकडे."
केलं. बटणाचा कट् कट् आवाज. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. मोजायचा प्रयत्न केला, सुटलं. वळलो तर बटणावर फडकं टाकलेलं, चार बोटं खालपर्यंत. हिरवा दिवा दिसत होता. तो काय, दोन्हीकडे लागतो.
"आता सांगा," म्हणाल्या. "आणि मला बरं वाटावं म्हणून नको."
आणि अण्णांच्या खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना तिथं बसलेलं पाहिलं नव्हतं. पाय जमिनीला नीट टेकत नव्हते.
मारवा. श्वास आला. तो दोन्हीकडे येतो, त्यावरून काही ठरत नाही. तंबोरा. उतरलेली तार. या वेळी उठावंसं वाटलं नाही. हात मांडीवर होते. चौथ्या मिनिटाला "वा" आलं, आणि ते कुठून आलं
वहिनी खुर्चीतून मागे वळल्या. "कळला फरक?"
बाहेर फाटक वाजलं. मूर्तींचा आवाज.
"थांबा," म्हणालो. "पुन्हा पहिल्यापासून लावा."