विमा कंपनीचा माणूस मेडशीला जेवून गेला

बाबा, तुम्ही गेल्यानंतर तुमच्या मुलीला दाढी आली. एवढं एक पचवा, मग पुढचं सांगतो. मी वाशीमला नोकरी करतो, हार्मोनची इंजेक्शनं घेतो आणि आता छातीचं ऑपरेशन करायचं आहे. आरोग्य विम्याशिवाय ते माझ्या आवाक्यात नाही, म्हणून माझ्या पॉलिसीवर दावा केला. कंपनीने आधी विचारलं, हे सुंदर दिसण्यासाठी आहे का? मी नुसता दाढीचा फोटो पाठवून भागवणार होतो, पण डॉक्टरांनी ऑपरेशन गरजेचं असल्याचा दाखला दिला.

मग चौकशीला कंपनीचे एक साहेब मेडशीला आपल्या घरी आले. मी आदल्या दिवशी फोन करून सगळ्यांना बजावलं होतं, माझ्या बाजूने बोला. तिथेच चुकलो. साहेबांनी विचारलं, "हा त्रास कधीपासून आहे?" शेजारचे टेलर चाचा, ज्यांनी माझे सगळे फ्रॉक शिवले, ते आईच्या आधी बोलले. "पैदाइशी आहे साहेब. फ्राक शिवून देल्ला का रडत घरी जाये. मले तवाच समजलं होतं." आई कशी मागे राहील? "याच्या बाबाले त्याच्याही आधी समजलं होतं. मले म्हणे, हा आपला पोट्टाच हाये, तू उगाच याच्या वेण्या घालून नको राहू." साहेब लिहीत होते, आई त्यांना वाढत होती. नंतर मला फोनवर म्हणाली, "लय चांगला मानूस होता. आमी सांगतलं ते समदं लिहून घेतलं त्यानं."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. दावा नामंजूर. आजार पॉलिसी घेण्याआधीपासूनचा, आणि तो लपवला. सोबत जबाबाची प्रत होती, तिच्यात तुमचं ते वाक्य. ऑफिसात उभ्या उभ्या वाचलं, हसलो, मग बाथरूममध्ये जाऊन रडलो. मी सातवीत वेणी कापून टाकली तेव्हा तुम्ही भेंडीच्या वाफ्यात उभे राहून एवढंच म्हणाला होतात, "काहून कापली? तुह्या मायले आता काय सांगू?" दुसऱ्या दिवशी तुमच्याच न्हाव्याकडे नेऊन ते केस सारखे करून आणलेत. मी इतकी वर्षं ती शिक्षा समजत होतो.

विम्याचा एजंट म्हणतो, "फेरविचाराच्या अर्जात लिवा, घरी कोनाले काहीच मालूम नव्हतं. वडील तं वारले, त्यायले कोन इचारते?" लिहायला बसलो. ऑपरेशन मला हवंच आहे, बाबा. उन्हाळ्यात छातीवर पट्टी आवळून दिवस काढताना जीव नकोसा होतो. तरी एजंटचं ते वाक्य काही लिहवेना. लिहिलं ते असं: घरी सगळ्यांना माहीत होतं, हा आजार आहे असं मात्र कोणाला वाटलं नाही. आता कंपनीला काय म्हणायचं ते म्हणू दे.

अर्ज उद्या जाईल. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून कबूल करतो. तुम्ही आईला सांगितलंत आणि मला नाही, याचा मला फार राग आला. पण शेवटच्या आजारपणात मीही रोज तुमच्या उशाशी येऊन बसायचो, सांगायचंच म्हणून. तुमची भीती वाटायची, मग औषधाची वेळ झाली म्हणून उठायचो.