तिथले तीन

बुधवार, ५ मार्च

काय एकेक माणसं असतात! सकाळी कामाला निघता निघता इंटरनेटवरचा तो कुणीही बदलू शकेल असा ज्ञानकोश उघडला, तर कुणा बिननावाच्या माणसाने ताई उपचारांसाठी परदेशी गेलीय त्या शहराची वेळ एक तास पुढे ढकलून ठेवलेली. कारण नाही, संदर्भ नाही, काही नाही. तिथे प्रत्येक शहराच्या पानावर कोपऱ्यात 'आत्ताची स्थानिक वेळ' दिसते ना, ती मी बांधलेल्या साच्यातून येते. चारशे बारा शहरं. दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून राखलीत मी ती. आणि हा उपटसुंभ येतो आणि आकडा बदलतो — तोही नेमका ताईच्या शहराचा! मी तो होता तसा केला आणि खाली लिहिलं, 'संदर्भाशिवाय बदल करू नये.'

या भानगडीत दूध उतू गेलं. हे म्हणाले, "तू जगाला वेळ सांग, आम्ही कोरा चहा पितो."

दुपारी —
फोन लागला, पण ताई मिळाली नाही. तिथले तीन म्हणजे आमचे सकाळचे अकरा. तीन ते सव्वातीन ही ताईच्या खाटेची वेळ. दवाखान्यातला तो विभागच तसा आहे. बाहेरचा जंतू आत जायला नको म्हणून मोबाइल नाही, पुस्तक नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एकच फोन, नर्स तो एकेका खाटेपाशी पंधरा मिनिटं नेते. मी ठीक अकराला छापखान्याच्या जिन्यात जाऊन नंबर लावला. नर्स तिच्या तुटक भाषेत म्हणाली, "वेळ संपली. उद्या." आणि ठेवून दिला.

संपली कशी? मी एक मिनिटसुद्धा उशीर केला नव्हता!

गुरुवार, ६ मार्च

तो परत आला. पुन्हा तोच बदल. या वेळी खाली काहीतरी लिहिलंय, मोडक्यातोडक्या भाषेत: 'मी इथेच राहतो. माझ्या खिडकीतून चौकातलं घड्याळ दिसतं.' मी उत्तर दिलं: 'खिडकी हा संदर्भ होत नाही.' लिहिताना हसू आलं. मग साच्याला कुलूपच लावलं. आता जुन्या जाणत्या संपादकांखेरीज कुणाला हात लावता येणार नाही. मोबाइलवर त्या शहराची वेळ पाहिली, तीही माझ्याशी जुळली. झालं तर मग!

अकराला फोन. नर्स म्हणाली, "वेळ संपली." मी म्हटलं, अहो, असं कसं, आत्ता कुठे तीन वाजले. तिला माझं कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. मागे कसलीशी घंटा वाजत होती. विचारलं, ताई कशी आहे? "झोपली. उद्या."

दुपारी प्रुफं वाचताना एकही ओळ डोक्यात शिरेना. एकदम वाटलं — ताईनेच सांगितलं असेल का, बहिणीचा फोन आला तर देऊ नका म्हणून?

का नाही सांगणार? निघायच्या दिवशी म्हणाली होती, "तू येऊ नकोस गं. तुझी नोकरी आहे. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आणि मी म्हटलं, "बरं." नुसतं बरं! एकदाही आग्रह केला नाही. ताईचं 'नको' हे 'नको' कधी असतं का? आई गेली त्या वर्षी शाळेची सहल होती, तर ही म्हणाली, मला नको, धाकटीला पाठवा. मी बसमधून हात हलवत होते आणि ती फाटकापाशी बस दिसेनाशी होईपर्यंत उभी होती. मला माहीत आहे तिचं 'नको' कसं असतं. तरी 'बरं' म्हटलं. कारण सुटल्यासारखं वाटलं होतं मला. दवाखान्यांची भीती वाटते. हे कुणाला सांगणार नाही, यांनासुद्धा नाही.

शुक्रवार, ७ मार्च

आजही नाही. फोन स्पीकरवर टाकून ताईच्या शहराचं पान उघडून उभी होते. ३:००:०४. ३:००:०५. सेकंद कसे व्यवस्थित पळत होते! नर्स म्हणाली, "उद्या, उद्या."

डॉक्टरांनी ताई निघाली तेव्हाच सांगितलं होतं, नव्या रक्तपेशींचा डोस दिला की पुढचे दहा दिवस कठीण. आज त्यातला सहावा. तीन दिवस मला तिचा आवाज नाही. रडू येतं आणि रागही येतो. अगं, भांडायचं तर फोनवर ये आणि भांड ना! शिव्या दे. पण अशी तोंड फिरवून बसू नकोस.

यांनी विचारलं, "तू जाऊन का येत नाहीस?" मी म्हटलं, ती नको म्हणालीये. हे ताट उचलून आत गेले.

शनिवार, ८ मार्च



अकराला फोन केला, तेच उत्तर. जिन्यातून येऊन टेबलाशी बसले. सातव्या पानाचं प्रूफ आलं होतं. खालच्या कोपऱ्यात चार ओळींची बातमी. मी सवयीने एक ऱ्हस्व दीर्घ केला, एक स्वल्पविराम घातला, आणि पुढच्या बातमीवर गेले. मग मागे आले. पुन्हा वाचली.

ताई आहे त्या देशाच्या सरकारने वीज वाचवायला देशभरची घड्याळं मंगळवारी मध्यरात्रीपासून एक तास पुढे केलीत. एका दिवसात फर्मान काढलं आणि लगेच लागू! तिथल्या लोकांचीच तारांबळ उडाली म्हणे. मोबाइलही अजून जुनी वेळ दाखवतायत.

मंगळवारी मध्यरात्रीपासून. म्हणजे मी बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी, आज — रोज तिथल्या चार वाजता फोन करत होते! आणि ताई रोज तीनला तो प्लॅस्टिकमधला फोन समोर घेऊन बसली असणार. पंधरा मिनिटं. चार दिवस.

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "काय हो, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, डोळ्यात गेलं काहीतरी.

तो खिडकीवाला खरं सांगत होता. त्याने दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा खोडलं, वर कुलूप लावलं! डोळ्यांसमोर घड्याळ असलेल्या माणसाला मी संदर्भ मागत बसले. आणि रोज स्वतःच्याच आकड्याकडे बघून म्हणत होते, बघा, माझं बरोबर आहे.

पण आज एक मात्र झालं. ताई रागावलेली नाही! चूक घड्याळाची होती. छातीवरचा धोंडा उतरला. तिला सगळं सांगितलं की तिला पटेलच.

रविवार, ९ मार्च

रविवारी तो फोन फिरत नाही. आणखी एक दिवस.

सकाळी कुलूप काढलं, आकडा दुरुस्त केला, बातमीचा संदर्भ जोडला. खिडकीवाल्याला लिहिलं, माफ करा, माझी चूक झाली. त्याचं उत्तर लगेच आलं: 'काही हरकत नाही. आमच्या चौकातला पाववालाही चार दिवस चुकीच्या वेळी दुकान उघडतोय.' बिचाऱ्याने तक्रारीचा एक शब्द काढला नाही. मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी कागदावर मुद्दे काढले. पंधरा मिनिटांत काही राहून जायला नको. एक — फर्मान कसं अचानक निघालं. दोन — मोबाइलसुद्धा चुकत होते. तीन — माझ्या साच्यात आकडा कुठून येतो. चार — बिननावाच्या बदलांवर विश्वास का ठेवत नाहीत. तिला कळलं पाहिजे की माझी चूक नव्हती. म्हणजे, होती, पण तशी नव्हती.

यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "हे सगळं सांगणार आहेस तिला?" मी म्हटलं, मग! तिला वाटत असेल मी विसरले. हे म्हणाले, "आणि ती कशी आहे ते कधी विचारणार?" चिडले मी त्यांच्यावर. उगाच. पाचवा मुद्दा म्हणून तेही लिहून ठेवलं.

सोमवार, १० मार्च

दहाला, म्हणजे आता तिथल्या तीनला, फोन लावला. ताईच आली. आवाज इतका बारीक की मला आधी नर्सच वाटली.

मी भडाभडा सुरू झाले. फर्मान, साचा, संदर्भ, कुलूप, खिडकी. कागद वाचतच गेले. ती दोनदा "बरं" म्हणाली. मला वाटलं, तिला पटलेलं नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून समजावलं. पाचव्या मुद्द्यापाशी आले तेव्हा चौदा मिनिटं झाली होती.

ती म्हणाली, "झालं तुझं? आता फोन नको करूस. मला बोलवत नाही गं. इथे काचेबाहेर एक खुर्ची ठेवलेली आहे, रिकामीच असते. त्यात येऊन बस."

संध्याकाळचं विमान मिळालं. हे बॅग भरतायत. मी इथे लिहीत बसलेय, कारण मी "येते" म्हटलं तेव्हा नर्स फोन उचलून नेत होती, आणि ते ताईला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही.