न वाजणारा कॉम्प्युटर

४ नोव्हेंबर
जामसंड्याहून खोकी आणली. स्कूटरवर पुढे दोन, मागे एक, कुत्रे मागे लागले. पंप ठीक. रेडिएटरचा एक कोपरा चेपलाय, चालेल. नळ्या पुरतील का, माहीत नाही. मी काढलेल्या आकृतीत पाणी ज्या वाटेने जातं त्याच वाटेने परत येतं. असं होऊ शकत नाही, पण कागदावर होतंय.

आईने रेडिएटर उचलून बघितला. "ह्यां गाडयेचां?" म्हटलं, कॉम्प्युटरचं. "कम्पुटराक रेडेटर कित्याक? खंय जावचो आसा तो?"

वै. ला फोटो पाठवले. "अरे वा" आलं. एवढंच.

६ नोव्हेंबर
एकदा स्वतःसाठीच नीट लिहून ठेवतो, म्हणजे निदान वहीत तरी गोंधळ नको.

माझी बायको वैदेही पुण्यात. मी इथे, वर्ष होईल. बाबांचे गुडघे गेले आणि आंब्याच्या कलमांकडे बघायला कोणी नाही, म्हणून आलो. ती म्हणाली, तू हो पुढे, बघू. ती पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते, कापाकापीही स्वतःच करते. मे महिन्यात आली होती तेव्हा उकाड्याने तिच्या मशीनचा पंखा असा घोंघावत होता की प्रत्येक वाक्यामागे पिठाची गिरण. जाताना म्हणाली, "खोली शांत आणि मशीन शांत असेल तर मी कुठेही राहीन रे."

ते वाक्य मी धरून बसलोय. म्हणून हा खटाटोप. पंख्यांऐवजी पाण्याने थंड होणारा, आवाज न करणारा, आणि दिसायला असा की तिने बघत बसावं. ती इथे राहायला यावी, एवढंच. मला तिच्याशिवाय करमत नाही. हे फोनवर म्हणता येत नाही, म्हणून रेडिएटर.

११ नोव्हेंबर
पत्र्याची तयार पेटी इथल्या खाऱ्या हवेत किती टिकणार? फणसाच्या लाकडाची करून घ्यायची, पुढे काच. सुताराला आकृती दाखवली. त्याने मान हलवली. "देवारो बरो होतलो." देव्हारा नाही म्हटलं, आत कॉम्प्युटर. "होय होय," म्हणाला, आणि वर कळस करू का विचारलं.

१८ नोव्हेंबर
पेटी आली. पिवळी धमक, रंधा मारलेली, हात फिरवावासा वाटतो. कळस नाही, नशीब. पण बघितलं की देव्हाराच आठवतो, त्याला मी काय करणार. माजघरात ठेवली, देवांच्या शेजारच्या भिंतीला. प्लग तिथेच आहे. बाबा काठी टेकत आले, लांबून बघितलं, जवळून बघितलं, आणि गेले. त्यांच्या मनातलं मला कधीच कळलेलं नाही.

२१ नोव्हेंबर
नळ्या बसवल्या. तांब्यासारख्या दिसणाऱ्या जोडण्या, पारदर्शक नळी, पिवळं लाकूड. खरंच सुरेख दिसतंय. मी केलंय यावर माझा विश्वास बसत नाही.

बॅटरीच्या दुकानातून शुद्ध पाणी आणलं. नियम असा: बाकी सगळं बंद ठेवून फक्त पंप चालवायचा, खाली टिश्यू पेपर पसरायचे आणि दिवसभर वाट बघायची. कागद कोरडा राहिला तरच पुढे वीज द्यायची. संध्याकाळपर्यंत कोरडा. देव पावला.

२२ नोव्हेंबर
देव पावला नाही. सकाळी कलमांवर फवारणीला गेलो, दहाला परत आलो, तर कागदावर ओले ठिपके. चार-पाच. एकाखाली एक नाहीत, विखुरलेले. वरचा जोड घट्ट केला.

२३ नोव्हेंबर
पुन्हा ठिपके, वेगळ्या जागी. काल डावीकडे, आज पुढे. दुपारनंतर काही नाही. सकाळीच गळतं, दिवसभर गळत नाही. असं कोणतं पाणी आहे जे वेळ बघून गळतं?

२५ नोव्हेंबर
सगळं उपसलं. जोडांतल्या रबरी चकत्या बदलल्या. परत भरलं. सकाळी: ठिपके. आता रेडिएटरवरसुद्धा, आणि तो टाकीच्या वर आहे. पाणी वर कसं गळेल?

इंटरनेटवर एक म्हणतो, दमट हवेचं दव. दुसरा म्हणतो, पंप बदला. तिसऱ्याने माझा फोटो बघून विचारलं, हे मंदिर आहे का.

आई म्हणाली, "लोक बायलेसाठी घर बांधतत. ह्यो पाण्याचो कम्पुटर बांधता, तो पण गळको." ती हसली, मी नाही हसलो. मग थोडा हसलो.

२८ नोव्हेंबर
वै. चा फोन. अर्धा तास मी गळतीबद्दलच बोललो. ती म्हणाली, "नितीन, हे सगळं कोणासाठी चाललंय?" तुझ्यासाठी, म्हटलं. ती, "मी मागितलं नव्हतं." आवाज रागाचा नव्हता. कसला होता ते सांगता येत नाही. मी रेंज गेल्याचं नाटक केलं. रेंज छान होती.

मागितलं नव्हतं हे खरंच आहे. ते वाक्य ती सहज बोलली असेल तर? उद्या कोणी म्हणालं, चंद्रावरसुद्धा राहीन, तर मी शिडी बांधत बसणार.

२ डिसेंबर
रेडिएटरच्या जाळीत तुळशीचं पान.

बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. रेडिएटरमधून तुळस गळत नाही.

फवारणीला जायचं सोडून दाराआड उभा राहिलो. बाबांची पूजा झाली. पळी-पंचपात्र घेऊन निघाले: उंबऱ्यावर तीर्थ, कपाटावर, मिक्सरवर, आणि मग माझ्या पेटीची काच बाजूला करून आत तीन वेळा सपासप.

मी ओरडलोच. ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "मेल्या, नवी वस्तू घराची होयसर तीर्थ मारूचां लागता. टीव्हीक मारलंय, तुझ्या स्कूटराक मारलंय. ह्यां तर सुनेचां. म्हणान जरा जास्तच मारतंय."

दहा दिवस मी चकत्या बदलतोय आणि हे सुनेसाठी जास्त मारतायत. राग आला होता तो गेलाच कुठेतरी. आतला पंप मिक्सरइतकं सोसणारा नाही, लाकडावर बाहेरून शिंपडा म्हटलं, तेही पाठीमागून. "पाठीमागसून देव कसो दिसतलो तेका?" हे त्यांचं म्हणणं. शेवटी पेटीच्या पायांवर ठरलं.

४ डिसेंबर
कागद कोरडा. कालही कोरडा होता. एक जोडही गळत नव्हता, कधीच नव्हता.

७ डिसेंबर
वीज दिली. लागला. आधी पंप पोट बिघडल्यासारखा गुडगुडत होता, नळीत हवा अडकलेली. मी आणि आईने पेटी धरून डावीकडे कलती, उजवीकडे कलती केली, पाळण्यासारखी. बुडबुडे टाकीत चढले आणि एकदम गप्प. कान लावला तरी काही नाही. आई म्हणाली, "बंद पडलो?" नाही गो, चालू आहे. "मगे बरो. घरात एक तरी गप बसणारो इलो."

फार आनंद झाला. लिहून ठेवतो, असे दिवस कमी येतात.

९ डिसेंबर
आनंद ओसरला. वै. चा सुटा माइक मे महिन्यापासून इथेच पडलाय, तो जोडून रिकाम्या खोलीचा आवाज घेतला. मशीनचा आवाज खरंच नाही. पण शेजाऱ्यांच्या बागेतला फवारणीचा पंप, माडाची झावळं, कावळे, खाडीतून जाणारी होडी, आईचं कांदा परतणं, आणि या सगळ्याखाली समुद्र. वर्षभर राहतोय, समुद्र एवढा मोठ्याने असतो हे मला माहीत नव्हतं. मशीन गप्प झालं आणि गाव बोलायला लागलं.

ती म्हणाली होती, खोली शांत आणि मशीन शांत. मी वाक्याचा मागचाच अर्धा भाग बांधला. समुद्राला कसला रेडिएटर लावू? खिडक्यांना गाद्या लावून बघितल्या. समुद्र कमी झाला, पण माझा जीव गुदमरला.

१३ डिसेंबर
वै. येतेय. चार दिवस. स्वतःहून म्हणाली. मशीन बघायला की मला, ते विचारलं नाही.

१९ डिसेंबर
काल पहाटे ती तळेऱ्याला बसमधून उतरली, तिला घेऊन आलो. बारीक झालीय. स्कूटरवर खांद्याला धरून बसली, नेहमीसारखी. नेहमीसारखी हे मीच ठरवलं.

आज तिने मशीन बघितलं. लाकडावर हात फिरवला. नळ्यांमधल्या पाण्याचा काचेवरून बोटाने माग काढला, "चालू आहे?" विचारलं. चालू आहे म्हटल्यावर तिचे डोळे मोठे झाले. "दिसतो सुंदर," म्हणाली. मग तिच्या धंद्यातली माणसं करतात तेच केलं: आपला छोटा रेकॉर्डर काढून स्टुलावर ठेवला, शेजारी बसली. "खोलीचा आवाज घेते. एक मिनिट कोणी बोलू नका."

बाबा तेव्हाच नारळ घेऊन आत आले. वाडीत कुठलंही नवं काम असलं की देवाला गाऱ्हाणं बाबाच घालतात, विहिरीपासून रिक्षेपर्यंत. सुनेचं यंत्र, आणि गाऱ्हाण्याशिवाय? मी खुणा केल्या. त्यांनी बघितल्या नाहीत, किंवा बघितल्या. वै. ने रेकॉर्डर बंद केला नाही. उभी राहिली, ओढणी डोक्यावर घेतली.

"बा देवा महाराजा, ह्या घरात आज नवां यंत्र इलां, तां सुरळीत चालव रे महाराजा."
व्हय महाराजा, आम्ही सगळे.
"खंय गळात, खंय अडकात, तर तां तू सांभाळून घे रे महाराजा."
व्हय महाराजा.
"झील ह्या टोकाक, सून त्या टोकाक, ह्यां काय बरां नाय. तेंची चूल एका जाग्यार मांड. तिचां मन हंय रमांदे रे महाराजा."

वर्षभर जे या घरात कोणी बोललं नाही ते बाबा देवाला सांगून मोकळे. मी मान खाली घातली, नळीत बुडबुडा दिसल्यासारखं करून पेटीत डोकं घातलं. आईचं व्हय महाराजा ऐकलं. मी म्हटलं नाही. मग नारळ फुटला.

ती व्हय म्हणाली का? माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि मला माहीत नाही. डोकं बाहेर काढलं तेव्हा काचेवर उडालेलं नारळाचं पाणी ओढणीने पुसत होती.

२० डिसेंबर
तिने सकाळी दोन तास काम केलं. विचारलं, समुद्राचा त्रास होतो का? "ऐकतेय," म्हणाली. त्रास होतो असं नाही, होत नाही असंही नाही. ऐकतेय.

२२ डिसेंबर
गेली. तळेऱ्याला बसची वाट बघताना मी शेवटी विचारलं, येशील का राहायला. ती म्हणाली, "मी मे महिन्यात ते असंच म्हणाले होते, नितीन. तू त्याचं मशीन करून ठेवलंस. आता मला खरंच विचार करावा लागणार." हे चांगलं की वाईट? तिने जाताना माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. परत येताना सबंध रस्ताभर दोन्ही गोष्टी तागडीत टाकून बघितल्या. तागडी हलतच राहिली.

बाबा म्हणाले, गाऱ्हाणां घातलां आसा, आता देव बघतलो. मला देवाआधी कळायला हवं होतं.

२९ डिसेंबर
न राहवून वै. ला विचारलं: त्या दिवशीची फाइल आहे का? "कोणती?" तिला माहीत होतं कोणती. "बघते," म्हणाली.

३ जानेवारी
दुपारी फाइल आली. सोबत एक ओळ: "ऐक. ओढूनताणून अर्थ काढू नकोस."

तिच्या मशीनवर बसलो. मोहर धरलाय, बागेत फवारणी बंद, आई भांडी घासून झालेली. कानाला हेडफोन.

आधी समुद्र. मग बाबांचं खाकरणं. पहिल्या व्हय महाराजात तीन आवाज, तिचा सगळ्यात मागून, पुणेरी "होय". दुसऱ्यातही आहे, या वेळी सगळ्यांबरोबर. मग तिसरं. "तिचां मन हंय रमांदे रे महाराजा." आईचं व्हय महाराजा लगेच. माझं नाहीच. आणि मग, रेकॉर्डरच्या अगदी जवळ, श्वास. बोलण्याआधी माणूस घेतो तसा, भरून घेतलेला. तिचाच. पंख्याचं मशीन असतं तर हा श्वास मला कधीच ऐकू आला नसता.

श्वासाच्या पुढे नारळ फुटतो.

मागे नेलं, परत ऐकलं. हळू करून ऐकलं. श्वास, नारळ. नारळाखाली काहीतरी आहे, किंवा नाही. डोळ्यांत पाणी आलं, कशाने ते नक्की नाही.

आई दारात उभी होती, कधीपासून कोण जाणे. "काय सांगल्यान तिना?"

"कळना नाय."

"मगे परत लाव."

परत लावलं. आई स्टूल ओढून शेजारी बसली आणि एका कानाचा हेडफोन मागून घेतला.