नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

अब्बा,

आज सकाळपासून दोनदा चहा टाकला, एकदाही पूर्ण प्यायले नाही. भावाची मुलगी येऊन गेली. केंद्र सरकारच्या नोकरीत तिला सहा वर्षं झाली. सहज म्हणाली, "फुप्पी, म्हातारपणी आमच्या हातात किती पडणार, ते कुणीच सांगत नाय. तुमचं बरंय, तुम्हाला जुनी ठरलेली पेन्शन." मी तिला डबा भरून दिला आणि विषय बदलला. तेव्हापासून या खोलीतून त्या खोलीत नुसत्या चकरा मारतेय.

तुम्ही निजामाच्या कचेरीत उर्दूतले कारकून. पोलीस ॲक्शननं निजामी संपली, मग काही वर्षांनी कचेरीची भाषा बदलली, तेव्हा औरंगपुऱ्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात माझ्या पहिलीच्या पुस्तकावरून मराठी गिरवलीत. परीक्षेत अडलात तर नोकरी राहील का, ही अम्मीची धास्ती. तुम्ही पास झालात. पुढं पहिली पेन्शन आली, त्या दिवशी मला गुलमंडीच्या बाजारात नेऊन शाल घेतलीत. "हुकूमत बदलली बेटा, पण जबान पाळली," दुकानदाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालात.

मग दोन हजार तीन साल येतं. मी दिल्लीच्या अर्थखात्यातून रजेवर आलेय आणि सांगतेय, की देशाची तूट कायमची आटोक्यात आणायची तर पेन्शनचा बोजा उतरवावा लागेल, त्याचं टिपण लिहायचं काम माझ्याकडं आहे. पुढच्या नोकरदारांना ठरलेली पेन्शन नाही. पगारातून कापून बाजारात गुंतवायची, जे येईल ते त्यांचं. पानाला चुना लावता लावता तुमचा हात थांबतो.

"त्या पोरांना इचारलं का कुणी?"

"ती अजून नोकरीलाच लागली नाहीत, अब्बा."

"म्हणून सोपं गेलं."

मला राग आला. "कर्ज काढून पेन्शनी वाटत राहिलो तर शाळा-दवाखान्यांना काय उरेल? तेही त्याच पोरांचं ना?"

तुम्ही पान दुमडून ठेवलंत. मग म्हणालात, "हिसाब बरोबर असंल तुझा. पण त्यात तू कुठं आहेस?"

मी बॅग भरायच्या निमित्तानं उठले. त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात.

तूट कमी करायलाच हवी होती, हे मी आजही भांडून सांगेन. पण तुम्हाला उत्तर द्यायचं राहिलं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. नवा नियम कुणापासून लागू करायचा, असं साहेबांनी मला विचारलं होतं. 'नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी' हे शब्द माझे. लिहून झाल्यावर मला हायसं वाटलं होतं.