नस न कापलेली पिल्लं

८ जाने.
सरांनी प्रबंधाचं प्रकरण ५ परत पाठवलं. शेरा: "निष्कर्ष ठाम लिहा." जमा करायची मुदत ३१. दोनदा वाढवून घेतली, आता वाढणार नाही.
ठामच आहे की. पिल्लाच्या बर्साकडे जाणारी नस कापली की बर्सा आकसते, आतल्या पेशी मरतात. सहा वर्षं हे एकच वाक्य.
आई नौपाड्याच्या मावशीला फोनवर: "अगं, कोंबडीच्या शेपटीपाशी बर्सा नावाची एक पिशवी असते, रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथे तयार होतात. आमची बाई त्यात डोकं घालून बसलीये." माझ्यापेक्षा सोपं सांगितलं.

१२ जाने.
कल्याण, लॅब. पिल्लांचं सगळं बघणारे मोरेकाका पिंजरे धूत होते. सहज म्हणाले, "म्याडम, तुमची टाके घातलेली पिल्लं दोन-तीन दिवस दाण्याला तोंड लावायची नाय. साधी मात्र दणकून खायची."
मीही हसले. कळव्याला घरी पोचल्यावर आधी पुस्तक उघडलं.
उपासानं, दुखण्यानंही बर्सा आकसते. पुस्तकात आहे. मग माझ्या पिल्लांची आकसली ती नस कापल्यामुळे, की नुसतं पोट फाडल्यामुळे? मी तुलना केली साध्या पिल्लांशी. फाडून, नस न कापता शिवलेलं पिल्लू हवं होतं. सहा वर्षांत एकही नाही. गाढव आहे मी.

१३ जाने.
सर: "अगं, तेव्हा पिल्लं कमी मंजूर झाली होती. आता उकरू नकोस. परीक्षक नाही विचारणार."
"विचारलं तर?"
"नाही विचारणार."
वाईट नाहीत सर. थकलेत. पण मी रिक्षात ढसाढसा रडले.

१४ जाने.
नंतर मिळालेली एक परवानगी सापडली. तीत सहा पिल्लं वापरायची शिल्लक, मुदत मार्चपर्यंत. सर म्हणाले, "कर. पण प्रबंधात नको."

१६ जाने.
सहाही. भूल, चीर, नस दिसली, हात नाही लावला, टाके.

१८ जाने.
खात नाहीत. कोपऱ्यात पंख पाडून बसलीत. दाणे भिजवून एकेकाला बोटाने भरवायला लागले. खा ना रे बाबांनो, खा.
मोरेकाका मागे उभे. "म्याडम, तुम्ही भरवलंत तर मग प्रयोग कसला?"
वाटी खाली ठेवली. एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

२६ जाने.
झेंडावंदनानंतर सहाही मारली. हातात घेतल्यावरच कळलं, बर्सा लहान आहेत. तरी स्लाइड्स होऊ देत. कदाचित.

२९ जाने.
नस शाबूत आणि पेशी मेलेल्या. चिठ्ठ्या झाकून जुन्या-नव्या स्लाइड्स शेजारी लावल्या. कुठली कापलेली, कुठली न कापलेली, मला सांगता येईना. मला!
सहा पिल्लं म्हणजे पुरावा नव्हे, सर म्हणतील. खरंय. पण मला कळलं ना आता. काय करू? कोणाला विचारू?

३० जाने.
सरांचा फोन. "माझी सही झालीये. उद्या अकराला ये." आईने साडी इस्त्री करून ठेवलीये. मावशीला कळवूनही झालं.
त्या सहा पिल्लांचं एक पान टाइप करून ठेवलंय. वेगळं.
घोषणापत्र समोर. 'यातील सर्व निरीक्षणे माझी व सत्य आहेत.' आहेतच. एकही आकडा खोटा नाही. फक्त ते पान
आई विचारतेय, पेन चालत नाही का गं?
चालतंय.