डिस्कचं झाकण

३ मार्च, सोमवार

पांढरी वायर चुकीच्या भोकात होती! काल संध्याकाळभर टीव्हीतून नुसती घरघर येत होती ती त्यामुळे. आज पिवळीत पिवळी, लालमध्ये लाल, पांढरीत पांढरी — आणि कॅमेऱ्याचं बटण दाबल्याबरोबर पडद्यावर ती आली. स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात चाळणी. "अहो, चालू आहे का तो? दिवा लागलाय का?"

मी उठून टीव्ही बंद केला. तिच्या आई आत भाजी चिरत होत्या. सुरीचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

५ मार्च

मेहुण्याचा फोन. "दाजी, टेपा डिस्कवर घ्यायला कशाला एवढा खटाटोप? कॉम्प्युटरवाल्याला द्या, एका दिवसात करून देईल."

देणार नाही. तिच्या टेपा कुठल्या तरी दुकानात पडून राहणार, तो माणूस चहा पीत बघणार. नकोच. आमच्याकडे कॉम्प्युटर नाही आणि मला तो येतही नाही. आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या एकाने त्याचा जुना डिस्क रेकॉर्डर दिलाय. टीव्हीला जोडायचा, तिकडे रेकॉर्ड दाबायचं, इकडे कॅमेऱ्यात टेप चालू करायची. तासाची टेप, तर तासभरच लागतो. घाई करायची सोयच नाही.

मेहुण्याने खरी गोष्ट शेवटी काढली. "आईला आता इकडे घेऊन येतो. तिकडे कशासाठी राहायचं तिनं?"

बरोबरच आहे त्याचं. आई लेकीच्या आजारपणात आल्या. ती जानेवारीत गेली. आई राहिल्या, मी काही विचारलं नाही. पण जावयाच्या घरी त्यांनी का राहावं आता? आणि जावयाने सासूला कोणत्या तोंडाने थांबवायचं? फोन त्यांच्या हातात दिला.

"डिस्का होऊ देत," म्हणाल्या. "घेऊनच येते. तुझ्याकडे आहे ना लावायचं यंत्र?"

म्हणजे डिस्का होईपर्यंत.

६ मार्च

पहिली टेप पूर्ण झाली. रेकॉर्डचं बटण दाबलं तसं आईंनी तोंडावर बोट ठेवलं. मलाही पटलं — आपला आवाज आत जायचा. पंखा बंद केला. फ्रिज बंद केला. फोनचा रिसीव्हर काढून ठेवला. तासभर दोघं घामाघूम आणि गप्प. एरवीही आम्ही एकमेकांशी फार बोलत नाही, पण आज निदान त्याला कारण होतं!

टेपेत ती झाडांना पाणी घालते आणि माझी उलटतपासणी घेते. "सांगा, यातलं कुठलं झाड तुम्ही लावलंत?" माझा आवाज येतो — "कुंडी मी आणली." किती हसली होती.

फ्रिज परत चालू करायचा राहिला. दूध नासलं.

७ मार्च

डिस्कवर कोपऱ्यात बॅटरीचं चित्र आणि तारीख उमटली आहे. तिच्या अगदी कपाळावर बॅटरी! दोन्ही घालवता येतात. आईंना विचारलं. म्हणाल्या, "बॅटरी घालवा. तारीख असू द्या."

ती टेप पुन्हा केली. पुन्हा तासभर गप्प.

९ मार्च, रविवार

माहितीपुस्तिका शांतपणे वाचली. आवाज वायरीतून जातो! मशीनला कान नाहीत. खोलीत ढोल वाजवला तरी डिस्कवर काही जाणार नाही.

आईंना सांगितलं नाही. का, ते मलाही कळलं नाही. बरं वाटतं तसं बसायला, एवढंच.

१० मार्च

सांगावंच लागलं. आईंना खोकल्याची उबळ आली आणि त्यांनी उशी तोंडावर दाबली. डोळे लाल, चेहरा जांभळा. मी घाबरलो. "आई, खोका! आवाज वायरीतून जातो, आपण बोललेलं काही जात नाही!"

त्या पोटभर खोकल्या. मग पाणी प्यायल्या. मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"काल."

"काल! जावईबापू, काल मी दोनदा शिंक गिळली!"

आणि हसायला लागल्या. तिचंच हसणं. आधी आवाज नाही, नुसते खांदे हलतात. इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं की ते कुठून आलं.

पंखा लावला.

११ मार्च

आज आई टेपभर बोलत होत्या. ती चार वर्षांची असताना शेजाऱ्यांच्या कुत्र्याला वेणी घातली होती म्हणे. शाळेत वर्गाची मॉनिटर झाली आणि पहिल्याच दिवशी स्वतःचंच नाव फळ्यावर लिहिलं, कारण बोलणाऱ्यांना गप्प करताना तीच सगळ्यात जास्त बोलली. मीही एक-दोन गोष्टी सांगितल्या. लग्नानंतर तिने माझे सगळे राखाडी शर्ट लपवले होते, ती. आईंना ठाऊक नव्हती. "म्हणून तो पिवळा शर्ट होय! मला वाटलं तुमचीच आवड. मी काही बोलले नाही."

टेप संपलेली कळलीच नाही. निळा पडदा कितीतरी वेळ रेकॉर्ड होत राहिला.

१३ मार्च

आजच्या टेपेत मी आणि आई. ती कॅमेऱ्यामागे. आम्ही दोघं टेबलाशी बसलोय, मध्ये चहाचे कप, आणि ती दबक्या आवाजात मॅचची कॉमेंट्री केल्यासारखी बोलते — "सासूबाईंनी साखर पुढे सरकवली. जावयांनी मान हलवली. अजून एकही शब्द नाही! मंडळी, अत्यंत चुरशीचा सामना." टेपेतल्या आई म्हणतात, "पुरे गं." तर ही ओरडते, "दोन शब्द! सासूबाईंचे दोन शब्द!"

आईंनी डोळे पुसले. मग साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, "थँक्यू." जरा मोठ्यानेच.

१५ मार्च

घोळ. डिस्क दुसरीकडे लागते का बघायला खालच्या टेलरकडे घेऊन गेलो. त्याच्या दुकानात दिवसभर सिनेमे चालू असतात. प्लेअरने डिस्क गरगर फिरवली आणि बाहेर काढून दिली. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. टेलर म्हणाला, "साहेब, हिला माझं दुकान पसंत नाही."

वर येऊन पुस्तिका काढली. डिस्क भरली की शेवटी ती बंद करावी लागते, वेगळं बटण आहे. तोवर ती ज्या मशीनवर भरली त्याच मशीनवर लागते. आईंना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे झाकण लावायचं. घरात डबा उघडा असला तरी चालतो. बाहेर न्यायचा तर झाकण हवं."

"अगदी तसंच."

"आणि झाकण लावलं की मग आत काही घालता येत नाही?"

"नाही."

"हं," म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

१६ मार्च

झाकण लावलं नाही. कंटाळा आला होता.

१७ मार्च

आजही नाही. मेहुण्याचा फोन — शनिवारी येतो म्हणाला.

१९ मार्च

सगळ्या डिस्का बंद केल्या. मशीन प्रत्येकीला दोन-तीन मिनिटं घेतं. आई शेजारी उभ्या होत्या. शेवटच्या डिस्कला मी बटणावर बोट ठेवून थांबलो. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. दाबलं.

२० मार्च

पुन्हा चूक नको म्हणून सगळ्या डिस्का टेलरकडे लावून बघितल्या. एकूण एक लागली! आई झोपल्या होत्या, त्यांना सांगायचं राहून गेलं. दुकानाच्या छोट्या टीव्हीवर ती आली तेव्हा टेलरने शिवणयंत्राचं चाक हाताने थांबवलं. "ही बाही मी शिवली होती," म्हणाला. "दोनदा उसवायला लावली. तिसऱ्यांदा स्वतः येऊन बसल्या समोर." मग चाकावरचा हात काढलाच नाही, डिस्क संपेपर्यंत.

२१ मार्च

आईंची बॅग भरून झाली. डिस्का मी टॉवेलात गुंडाळून मधोमध ठेवल्या. रात्री जेवताना त्यांनी घराची किल्ली टेबलावर ठेवली.

"ही तुमची."

थांबा, एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. सबंध जेवणभर तो तोंडात होता. शेवटी म्हटलं, "असू द्या तुमच्याकडे. माझ्याकडे दुसरी आहे."

त्यांनी किल्लीकडे बघितलं. "दुसऱ्याच्या घरी राहून पोरांच्या पायात पायात येऊ नये माणसाने," म्हणाल्या. मला नीटसं कळलं नाही — माझ्या घराबद्दल म्हणाल्या की मुलाच्या. विचारलं नाही.

किल्ली त्यांनी पर्समध्ये टाकली. एवढं बघितलं मी.

२२ मार्च

गेल्या.

२३ मार्च, रविवार

साखरेचा डबा टेबलावर कुठे ठेवायचा तेच समजेना.

२६ मार्च

टीव्हीमागच्या वायरी काढायला गेलो. नाही काढल्या.

३० मार्च

मेहुण्याचा फोन. "दाजी, मस्त झाल्यात डिस्का! आमचा प्लेअर धूळ खात पडला होता, आता आई दुपारभर तेच लावून बसते. पोरं पण बसतात. ती कॉमेंट्री तर पोरांची पाठ झाली."

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मागून आईंचा आवाज येत होता, "जेवले का विचार." मी हो म्हटलं. ते खरं नव्हतं.

५ एप्रिल, शनिवार

आईंचा फोन. स्वतः लावलेला. आवाज अगदी हळू, जवळ कोणी नसावं.

"जावईबापू, या डिस्का इकडे लागत नाहीत हो. एकही नाही. झाकण लावायचं राहिलं वाटतं."

मी म्हटलं, "राहिलंच असेल, आई. माझीच चूक. आता त्या इथल्याच मशीनवर लागतील. घेऊन या."