पायथ्याचा तुकडा आणि कडेची खुर्ची

मी, गाद्या शिवणारी, वय सत्तरीपुढे, डोळे अधू पण डोके ठिकाणावर, कुणाच्या सांगण्यावरून किंवा भिडेखातर नव्हे, तर राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. वकीलबाईंनी मसुदा करून दिला होता. त्यात मी कुठेच सापडले नाही, म्हणून पुन्हा माझ्या शब्दांत लिहिले.

१. दुकान, शिलाईयंत्र, लांब सुया व कात्र्या माझ्या हाताखालच्या कारागीर बाईला द्याव्यात. तिचा टाका माझ्याहून सरळ आहे. हे तिला तोंडावर सांगितले असते तर ती शेफारली असती.

२. राहते घर भाच्याला. अट अशी, की वरची खोली बास्केटबॉल क्लबच्या परदेशी खेळाडूंनाच भाड्याने द्यावी. या माणसांविषयीचे माझे कुतूहल अजून फिटलेले नाही. एक जण न बघता पास द्यायचा. म्हणाला, आमच्या गल्लीत दिवा नव्हता, आवाजावर खेळायचो. फ्री थ्रो घेताना ते ओठांतल्या ओठांत काय पुटपुटतात, हे मी प्रत्येकाला विचारले आहे. एक आईने सांगितलेली वाणसामानाची यादी म्हणायचा, एक शिव्या द्यायचा, एक नुसताच लाजला. आपला खेळाडू चुकला की लोक हळहळतात; बाहेरचा चुकला की म्हणतात, "याला कशाला आणलं?" असे का, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

३. धाकट्या भावाविषयी. क्लबच्या संघात बाहेरच्या खेळाडूंच्या जागा दोनाच्या तीन झाल्या त्या वर्षी त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, संघातून गेला आणि त्याच्या जागी आलेला ताडमाड मुलगा माझ्या वरच्या खोलीत राहायला आला. "घरच्या पोराला दार दाखवलं नि पाहुण्याला गादी घातलीस," भाऊ म्हणाला. निर्णय क्लबचा होता. पण त्या मुलासाठी मी टाळ्या वाजवल्या, हे खरे; तो खेळायचाच तसा. तेव्हापासून भावाचा अबोला आहे. सामने बघायला हंगामभरासाठी काढलेल्या आमच्या खुर्च्या मात्र शेजारीशेजारी, आणि माघार कुणीच घेत नाही. काही सांगायचे झाले की तो समोर बघून हवेशी बोलतो: "पाय आत घ्या म्हणावं." त्याचा गुडघा वाकत नाही, पण माझी कडेची खुर्ची त्याने कधी मागितली नाही. ती आता त्याची. त्याच्या आतल्या खुर्चीवर परदेशी खेळाडूचे कुणी आईबाप आले तर त्यांना बसवावे.

४. पिकतं तिथे विकत नाही. भाचा परदेशी क्लबात गेला नि चमकला. आता तिथला 'बाहेरचा' तो. मध्यंतरी फोनवर म्हणाला, "आत्या, पलंग आखूड आहे गं. पायाखाली खुर्ची लावतो." मी गादीवाली, आणि माझ्याच भाच्याचे पाय अधांतरी. फोन ठेवून मी रडले. उंच भाडेकरूंच्या गादीला पायथ्याशी नाड्यांनी बांधायचा जोडतुकडा मी शिवते, तसा एक त्याच्यासाठी शिवून कपाटात ठेवला आहे. टपालाने गेला असता, पण मग भाऊ घरीच बसला असता. माझ्या बचतीतून विमानाचे तिकीट काढून त्याने तो स्वतः न्यावा, एक सामना बघावा, आणि पोरगा चुकला की तिथले लोक काय म्हणतात ते आपल्या कानांनी ऐकावे.

साक्षीदारांबाबत खुलासा: "मला तिचं काही नको," असे भाऊ गावभर सांगतो, म्हणून साक्षीला त्यालाच बोलावले होते. त्याने सगळे वाचले, पेन उचलले. वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला यातलं काही घेता येणार नाही हं." त्याने कलम ४ पुन्हा वाचले. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "तू मरेपर्यंत त्या पोराचे पाय लोंबकळतच ठेवायचे का?"

हे तो हवेला नाही, मला म्हणाला.

कलम ४ मधील तुकडा आणि तिकिटाचे पैसे तो आजच घेऊन गेला आहे. ते कलम रद्द समजावे.

सही: गादीवाली
साक्षीदार: १. वकीलबाई
२. वरच्या खोलीतील भाडेकरू (काय लिहिले आहे ते विचारून घेऊन, स्वतःच्या लिपीत)
स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्याचा आदला दिवस